परसातली रंगीत सालीची निलगिरी: बेलापूरमधलं एक प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. सीबीडी बेलापूरला पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी एक रो-हाउस. मागे जेमतेम वीस बाय पंधरा फुटांचं परस, आणि त्यात कुंपणाच्या भिंतीपासून चार फुटांवर लावलेली रंगीत सालीची निलगिरी. शास्त्रीय नाव युकॅलिप्टस डिग्लुप्टा. नर्सरीत ती ‘रेनबो युकॅलिप्टस’ म्हणून मिळते. लावून साडेतीन वर्षं झाली होती आणि झाड गच्चीच्या कठड्याच्याही वर, अंदाजे तीस फुटांवर गेलं होतं. मार्च संपता संपता घरच्यांनी मला बोलावलं. कोवळी पानं पिवळी पडत होती, जुन्या पानांच्या कडा करपत होत्या, झाड पूर्वेकडे किंचित कललं होतं. ‘पावसाळ्याआधी याचं काहीतरी करा’ असं शेजारून दोनदा सांगून झालं होतं.

घरात काका-काकू, मुलगा-सून आणि आठवीत शिकणारी नात. झाड नातीच्या हट्टाने आलेलं, पाणी घालायचं काम मात्र काकांचं. काका मला म्हणाले, “झाड वाचवा, आणि जमलं तर जरा लहानच ठेवा. एवढंच मागणं आहे.”

मागणं साधं वाटतं. पण या जातीपुरतं त्याचं उत्तर शोधायला मला पानांपासून मुळांपर्यंत आणि बेलापूरपासून न्यू गिनीपर्यंत जावं लागलं.

झाड कुठलं, जागा कुठली

निलगिरी म्हटलं की आपल्यासमोर ऑस्ट्रेलिया येतो, आणि ते बरोबरच आहे. सातशेहून अधिक जातींपैकी जवळजवळ सगळ्या तिथल्याच. डिग्लुप्टा मात्र ऑस्ट्रेलियात आपणहून उगवतच नाही. तिचं घर न्यू गिनी, न्यू ब्रिटन, इंडोनेशियातली सुलावेसी आणि सेराम ही बेटं, आणि फिलिपिन्समधलं मिंडानाव. सदाहरित वर्षावनातली, नदीकाठच्या गाळाच्या आणि ज्वालामुखीच्या राखेच्या जमिनीतली ही जात. तिथे ती साठ-सत्तर मीटरपर्यंत जाते, म्हणजे वीस मजली इमारतीएवढी. कागदाच्या लगद्यासाठी तिची लागवड होते ती या वेगवान वाढीमुळेच.

नर्सरीतला माणूस गिऱ्हाइकाला सांगतो, “हिला भरपूर पाऊस लागतो, आपल्याकडे भरपूर पाऊस आहे, काही काळजी नको.” आकडे पाहिले तर त्याचं खोटं नाही. तिच्या मूळ प्रदेशात वर्षाला अडीच ते पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो; ठाणे-नवी मुंबईतही सरासरी अडीच हजारांच्या आसपास पडतो. पण तिथे तो बारा महिन्यांत वाटून पडतो आणि आपल्याकडे जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात कोसळतो. नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत इथली जमीन कोरडी. या झाडाला असा सात महिन्यांचा उपास माहीतच नाही. वर्षाचा आकडा जुळला म्हणून हवामान जुळलं असं धरून चालतात, आणि बाहेरून आणलेली कितीतरी झाडं आपल्याकडे याच हिशेबाने फसतात.

सालीच्या रंगांबद्दलही सांगायला हवं, कारण झाड त्यासाठीच आणलं होतं. जुनी साल उभ्या पट्ट्यांनी सुटते. खाली कोवळा पोपटी थर दिसतो, कारण त्याच्यावरचा पापुद्रा पारदर्शक असतो आणि आतलं हरितद्रव्य त्यातून दिसतं. मग हरितद्रव्य कमी होत जातं, टॅनिन साठत जातं, आणि तीच जागा निळसर, जांभळट, मग नारिंगी-विटकरी होत तपकिरी होते. प्रत्येक पट्टी वेगळ्या वेळी सुटते, म्हणून एकाच खोडावर सगळे रंग एकदम दिसतात. हे खरं आहे आणि सुंदर आहे. मोबाइलवर फिरणारे फोटो मात्र बहुतेक रंग चढवलेले असतात. बेलापूरच्या या खोडावर पोपटी, राखाडी आणि थोडा विटकरी एवढेच रंग आले होते. नातीला तेवढेही पुरेसे होते. प्रत्येक पट्टी कधी सुटली हे तिने वहीत तारखांसह लिहून ठेवलं होतं. त्या वहीचा पुढे मला फार उपयोग झाला. गेल्या दिवाळीनंतर नव्या पट्ट्या सुटणं जवळपास थांबलं होतं, म्हणजे झाडाची वाढ पानं पिवळी दिसायच्या कितीतरी आधी मंदावली होती.

पानं काय सांगत होती

पिवळेपणा शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर होता. शिरा हिरव्या, शिरांमधला भाग पिवळा. नत्र कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात. इथे उलटं होतं, म्हणजे लोह कमी पडत होतं. काकांनी दर महिन्याला युरिया घातला होता, त्याने यात काहीच फरक पडणार नव्हता.

आता लोह का मिळत नाही? खुरप्याने खणायला घेतलं. वरची सहा-आठ इंच लाल माती सुरेख होती, विकत आणून टाकलेली. तिच्याखाली खुरपं खणकन वाजलं. विटांचे तुकडे, सिमेंटचे गिलावे, टाइल्सचे कपचे; घर वाढवताना निघालेलं डेब्रिज तिथेच दाबून वर माती पसरली होती. मी काकूंकडून एक लिंबू मागून घेतलं आणि खालच्या मातीच्या चमचाभर ढेकळावर पिळलं. बारीक फेस आला. वरच्या लाल मातीवर पिळलं, काही झालं नाही. फेस म्हणजे चुनखडी. सिमेंट-चुन्याने माती अल्कधर्मी झाली की तिच्यात लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. प्रयोगशाळेत मातीचा सामू (पीएच) मोजून घेतलेला केव्हाही चांगला, पण हा घरगुती पडताळा बहुतेक वेळा दिशा बरोबर दाखवतो.

त्याच खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी फोटो पाठवला, पाणी अजून तळाशी साचलेलंच होतं. पावसाळ्यात या झाडाची मुळं चार महिने पाण्यात उभी राहत असणार आणि उन्हाळ्यात त्याच डेब्रिजमध्ये कोरडी पडत असणार. या जातीला पाणी लागतं ते ओल टिकवून वाहून जाणारं. साचलेलं चालत नाही.

करपलेल्या कडांचं कारण नळाजवळ सापडलं. जानेवारीपासून मोरबे धरणाचं नळाचं पाणी घरात पुरवून वापरायचं म्हणून बागेला बोअरचं पाणी सुरू केलं होतं. खाडी जवळ, बोअर खोल. पाणी जिभेला मचूळ लागत होतं. कुंड्यांच्या कडेवर पांढरा क्षार चढला होता. पानांच्या कडा टोकापासून तपकिरी होत जाणं ही त्याचीच खूण.

इथवर सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. पाणी बदला, डेब्रिज काढा, चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातल्या लोहाची, फवारणी करा, पालापाचोळ्याचं आच्छादन द्या. मी तसं बोललोही असतो. पण झाड कललं होतं, आणि त्याचं कारण अजून सापडलं नव्हतं.

बुंध्याशी

कललेल्या झाडाच्या बुंध्याची माती हाताने काढून पाहिल्याशिवाय मी मत देत नाही. निरोगी झाडाचं खोड जमिनीत शिरताना सगळ्या बाजूंनी पसरट होतं, मुळं बाहेरच्या दिशेने निघताना दिसतात. इथे दक्षिण-पश्चिम बाजूला खोड सरळ खांबासारखं जमिनीत गेलं होतं. हाताने आणि जुन्या रंगाच्या ब्रशने माती सारत गेलो तेव्हा चार बोटं खाली अंगठ्याहून जाड मूळ दिसलं. ते बाहेर न जाता खोडाला अर्धा वेढा घालून परत आत वळलं होतं. जिथे ते टेकलं होतं तिथे खोडात खोबण पडली होती आणि वरची साल सुजली होती. त्याच्याखाली आणखी दोन मुळं, तशीच वळलेली. वेढ्याचा घेर पाहिला तर बरोबर नर्सरीच्या काळ्या पिशवीएवढा.

झालं होतं ते असं. रोप पिशवीत फार दिवस राहिलं, मुळं कडेला लागून गोल फिरली, आणि तो गोळा तसाच्या तसा जमिनीत गेला. निलगिरीच्या मुळाने एकदा गोल वळण घेतलं की ते आपोआप सरळ होत नाही. जाड होत जातं आणि खोडालाच आवळतं. पहिली दोन-तीन वर्षं वर काहीच कळत नाही, झाड झपाट्याने वाढतं. मग वरचा पसारा आणि खालचा आधार यांचा मेळ तुटतो.

आणि आधार नव्हता तो नेमका दक्षिण-पश्चिमेला. आपला पावसाळी वारा तिकडूनच येतो, आणि त्या वाऱ्याच्या ओढीला तोंड देणारी मुळं वाऱ्याच्या बाजूचीच असावी लागतात. जून 2020 मधलं ‘निसर्ग’ आणि मे 2021 मधलं ‘तौक्ते’, या दोन्ही चक्रीवादळांच्या वेळी आपल्या भागात पडलेल्या झाडांची मुळं उलटी होऊन पडलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. झाडाच्या पूर्वेला शेजारच्या वहिनींची स्वयंपाकघराची खिडकी होती.

शेजारचं म्हणणं

वहिनींची तक्रार पडण्याची कमी आणि पाण्याची जास्त होती. निलगिरी जमिनीतलं पाणी ओढून घेते, बोअर आटेल, असं त्यांना वाटत होतं. हे कुठून आलं ते समजण्यासारखं आहे. कर्नाटक सरकारने 2017 मध्ये निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली ती भूजलाच्या काळजीनेच. पण ती गोष्ट शेकडो एकरांत दाटीने लावलेल्या मळ्यांची आहे. परसातल्या एका झाडाने सोसायटीची खोल बोअर आटत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. मात्र त्यांच्या म्हणण्यात एक खरं निरीक्षण होतं: भिंतीलगतची त्यांची जास्वंद आणि कढीपत्ता दोन वर्षांत खुरटले होते. वरच्या थरातली ओल हे झाड नक्कीच पळवत होतं. मुळं भिंतीखालून पलीकडे गेलेली होती. त्यांना उगाच घाबरणारी माणसं म्हणून उडवून लावणं अन्यायाचं झालं असतं.

लहान का ठेवता येत नाही

काकांच्या मागणीकडे परत येतो. शेंडा मारून झाड लहान ठेवता आलं तर वाऱ्याचा भारही कमी होईल, असं त्यांनी सुचवलं. आंब्याला, पेरूला आपण करतोच की.

निलगिरीच्या बहुतेक जाती कापल्यावर जोमाने फुटतात. ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या, वणव्यांच्या रानात त्यांनी ती सोय करून ठेवली आहे: बुंध्याशी, जमिनीलगत एक गाठ असते, तिच्यात अन्न साठवलेलं असतं आणि सुप्त डोळे असतात. वरचं सगळं जळालं, तोडलं तरी तिथून नवे धुमारे येतात. डिग्लुप्टा वर्षावनातली. तिथे वणवा नाही, म्हणून जाड साल नाही आणि ही गाठही नाही. खोड कापलं तर ती नीट फुटतेच असं नाही, आणि झाड जितकं मोठं तितकी आशा कमी. जे फुटवे येतात ते कापाच्या कडेला वरवर चिकटलेले असतात, आणि कापातून ओल आत जाऊन खोड कुजायला लागतं. आपल्या पावसात तर हमखास. म्हणजे शेंडा मारून झाड लहान होत नाही, धोकादायक होतं.

मुळासकट दुसरीकडे हलवण्याचा विचार मुलाने मांडला. या वयाची निलगिरी मुळं तोडलेली सहन करत नाही, आणि इथे तर धड मुळंच नव्हती. वेढा घालणारं मूळ कापून टाकावं, तर ते खोडात रुतलेलं. त्या बाजूला जे काही धरून ठेवणारं होतं ते तेवढंच.

मी माझं मत दिलं: झाड पावसाळ्याआधी काढावं. नातीसमोर हे बोलायचं की नाही यावर काकू घुटमळल्या, पण झाडाची वही जिने लिहिली तिला बाजूला ठेवून ठरवणं मला योग्य वाटलं नसतं. तिला बुंध्याशी नेऊन मूळ दाखवलं. तिने बराच वेळ बोट फिरवून पाहिलं आणि विचारलं, “काका, पिशवी आधी फाडून मुळं सरळ केली असती तर?” मी म्हटलं, तर मुळं नीट असती, पण जागा तरीही पुरली नसती.

काढणं

महापालिकेच्या हद्दीत स्वतःच्या अंगणातलं झाड असलं तरी परस्पर तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 खाली अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. अर्जासोबत आम्ही कललेल्या झाडाचे, बुंध्याच्या खोबणीचे आणि खिडकीच्या अंतराचे फोटो जोडले. पाहणी झाली, परवानगी आली, बदल्यात झाडं लावण्याच्या अटीसह. मेमध्ये वरून तुकड्यातुकड्याने, दोर लावून झाड उतरवलं. बुंधा उपटून काढल्यावर मुळांचा गोळा पालथा केला, तर तळाला अजून काळ्या प्लॅस्टिकची चिंधी अडकलेली होती.

खोडाचे दोन तुकडे नातीने ठेवून घेतले. रंग सुकल्यावर टिकत नाहीत हे मी तिला आधीच सांगितलं होतं.

मग परसात काय

रंगीत सालीचं आकर्षण खोटं नाही, आणि ते पुरवायला दरवेळी परदेशी जायला नको. त्याच परसात भिंतीला लागून एक पेरू होता, निलगिरीच्या सावलीत दबलेला. पेरू निलगिरीच्याच कुळातला, जांभूळही. पेरूची साल पापुद्र्यांनी सुटते आणि खाली हिरवट, तांबूस, राखी असे ठिपक्यांचे थर दिसतात. रोज नजरेसमोर असतं म्हणून कोणी बघत नाही. नातीच्या वहीत आता पेरूचं पान आहे. छाटणी त्याला मानवते, फळं मिळतात, आणि उंचीची भीती नाही. ज्यांच्याकडे मोठी जागा आहे त्यांनी कोकणच्या रानातला नाणा लावून पाहावा. त्याच्या फिकट गुळगुळीत खोडाला तोड नाही.

तरीही घरात निलगिरी हवीच होती. त्यासाठी मी सुचवली ती लिंबाच्या वासाची निलगिरी. क्वीन्सलंडची ही जात आधी युकॅलिप्टस सिट्रिओडोरा म्हणून ओळखली जायची, 1995 पासून तिला कोरिंबिया या वेगळ्या प्रजातीत टाकलं आहे. मोकळी सोडली तर तीही शंभर फुटांवर जाते. पण तिला बुंध्याची ती गाठ आहे. आपल्याकडे तेलासाठी तिची शेती होते ती झाडं पुन्हा पुन्हा कापून, झुडपासारखी राखूनच. म्हणजे जी गोष्ट पहिल्या झाडाला जमत नव्हती, ती हिच्या अंगातच आहे.

रोप निवडताना काका-नातीसोबत मी गेलो. लहान रोपाची पानं आणि देठ केसाळ, खरखरीत हवेत, देठ पानाच्या कडेला न जुळता थोडा आत जुळलेला हवा, आणि पान चुरडलं की लिंबाचा झणझणीत वास हवा. डिग्लुप्टाच्या रोपाची कोवळी काडी चौकोनी, कडांना बारीक पंख असलेली असते आणि पानाला फारसा वास नसतो. या दोन खुणांनी नर्सरीत फसगत टळते. सगळ्यात उंच रोप घ्यायचा मोह आवरून आम्ही फूटभर उंचीचं घेतलं, पिशवीच्या भोकांतून मुळं बाहेर न आलेलं.

दोनशे लिटरचा प्लॅस्टिक ड्रम अर्धा कापून, तळाला आणि बाजूला भोकं पाडून, विटांवर उचलून ठेवला. लाल माती, जाडी रेती, कोकोपीट आणि थोडं जुनं शेणखत. लावताना मुळांच्या गोळ्याला उभे चार काप दिले, तळाची गुंडाळी कापून टाकली. पाणी नळाचं किंवा पावसाचं साठवलेलं, बोअरचं नाही. झाड कमरेएवढं झालं की गुडघ्याच्या उंचीवर कापायचं, पण पावसाळ्यात कधीच नाही. ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा. कापताना खालच्या, पानं असलेल्या दोन-तीन फांद्या ठेवायच्याच. दोन वर्षांनी ड्रममधून काढून बाहेरची इंचभर मुळं तासून पुन्हा नवी माती द्यायची, नाहीतर तीच गोल फिरण्याची गोष्ट इथेही होईल.

काकूंनी विचारलं, दारात ठेवली तर डास जातील का? नाही जाणार. पानांत सिट्रोनेलाल हे लिंबाच्या वासाचं द्रव्य भरपूर असतं, पण ते पान चुरडल्यावर सुटतं, नुसत्या झाडाने नाही. डासांवरची औषधं या जातीच्या तेलावर प्रक्रिया करून बनवतात, तो वेगळा पदार्थ. आणि निलगिरीचं कुठलंही तेल पोटात जाऊ देऊ नये, लहान मुलांच्या बाबतीत तर अजिबात नाही.

डिग्लुप्टाचं काय? सुनेच्या माहेरी शहापूर तालुक्यात शेत आहे, जागेची कमतरता नाही. पण शहापुरात मोठमोठी धरणं असूनही उन्हाळ्यात कित्येक गावांना टँकर लागतो. तिथे एका हौसेच्या झाडाला विहिरीचं पाणी घालावं हे मला पटेना, आणि सुनेच्या वडिलांनाही पटलं नाही. शेवटी जागा ठरली ती शेतघराच्या न्हाणीघराचं सांडपाणी जिथे उतरतं त्या उताराखाली, घरापासून शंभर फुटांवर, विजेच्या तारांपासून लांब. साबणाचं पाणी थेट मुळाशी जाऊ नये म्हणून मध्ये खडी आणि कर्दळीचा वाफा केला. तिथली माती तांबडी, निचऱ्याची. लिंबू पिळलं, फेस आला नाही. जूनच्या पहिल्या पावसानंतर मुळं नीट पाहून घेतलेलं छोटं रोप तिथे लावलं. आधाराची काठी मुद्दामच दिली नाही, खोड वाऱ्यात हललं की बुंधा आपोआप जाड होतो.

बेलापूरच्या परसातलं डेब्रिज चार फूट खोल काढून माती भरली आहे. पेरूला यंदा मोहोर दाट आला आणि वहिनींच्या कढीपत्त्याला नवी फूट आहे. ड्रममधली लिंबाच्या वासाची निलगिरी आता छातीला लागते. पाऊस थांबला की तिची पहिली कापणी करायची आहे, आणि कात्री नातीने मागून घेतली आहे.